पाण्याला लस कोणी दिली?

जालन्यात परत येताना माझी पक्की समजूत होती, की इथे माझी लढाई अज्ञानाशी होणार. प्रत्यक्षात ती चहाशी झाली.

स्कॉटलंडच्या एका थंडगार शहरात मी काही वर्षं एकाच प्रश्नामागे लागले होते. पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. त्याच्यावर लस आहे. लस घेतली की रक्तात अँटीबॉडी तयार होतात आणि त्या विषाणूला त्याच्या अंगावरच्या प्रथिनावरून ओळखतात. पण नेमक्या कशा ओळखतात? हा तो प्रश्न. परतीच्या विमानात बसले तेव्हा डोक्यात भाषणं तयार होती. गावोगावी जायचं, अंधार दूर करायचा, वगैरे.

पहिल्या गावात पहिल्या घरी चहा झाला. शेजारच्या घरी झाला. त्याच्या शेजारच्या घरी झाला. गल्लीच्या टोकाला मी हात जोडून 'आता नको' म्हटलं, आणि त्या घरातल्या बाईने शांतपणे विचारलं, "तिच्या घरचा पेल्या, मंग आमच्या चहात काय पडलंय?" त्या घरातल्या मुलीला लस द्यायला मला आणखी तीन फेऱ्या आणि असंख्य कप लागले.

अशा गोष्टी साचत जातात. आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतो तशा. रोज थोडा थोडा, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस दारच लागत नाही. माझं दार आता लागेना झालंय, म्हणून जरा खरवडायला बसले आहे.

आधी माणसं सांगते. आमची लॅब जुन्या जालन्यात, कापडाच्या एका होलसेल दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात कायम साड्यांचे गठ्ठे, त्यामुळे आमचं प्रत्येक मशीन आधी साड्यांवरून घसरत वर आलेलं आहे. लॅब सांभाळतात सलीमभाई, इथलेच, याच गल्लीतले. सुया टोचतात वाघमारे सिस्टर, ज्यांच्यासमोर रडणारं पोर गप्प होतं आणि गप्प असलेला बाप रडायला लागतो. जीप चालवतो अंबादास, टेंभुर्णीचा. आणि मी, जिला तिघंही 'मॅडम' म्हणतात, पण त्यांच्यातलं कोणीही माझं ऐकत नाही.

काम सांगायला सोपं आहे. भोकरदन तालुक्यातल्या धावडा या गावातल्या मुलींचं रक्त लस द्यायच्या आधी एकदा घ्यायचं, आणि लस दिल्यावर काही महिन्यांनी पुन्हा. दोन्ही रक्तं विषाणूच्या कवचासमोर धरायची आणि ओळख पटते का ते बघायचं. पहिलं रक्त मिळालं होतं. दुसरं मिळालं नाही, तर पहिल्याचा काही उपयोग नव्हता, आणि माझ्या परत येण्याचाही फारसा नव्हता.

दुसरं मिळणार की नाही हे ठरवणार होत्या ठकूबाई. आमच्या यादीतल्या रूपालीची ही आजी. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला, आता घरात शेती. त्या 'हो' म्हणाल्या की अख्खी गल्ली हो म्हणते. त्या तंबाखू मळत गप्प बसल्या की अख्खी गल्ली तंबाखू मळत गप्प बसते.

*

सुरुवातीचा किस्सा टेंभुर्णीचा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये माझं पहिलं व्याख्यान. लाइट गेल्यामुळे माझ्या सुंदर स्लाइडही गेल्या. मग तोंडीच सांगायला लागले.

लोकांना भीती होती, की लसीत जंतू असतो आणि तो टोचला की पोरी आजारी पडतात. मी जोरात सांगितलं, की या लसीत विषाणू नसतोच. असतं ते फक्त त्याचं बाहेरचं कवच. आत काहीच नाही!

खताबियाण्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ पुढे बसले होते. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, म्हणजे कंपनीची छापील पिशवी आहे, पण आत बी नाही?

मला इतका आनंद झाला! इतकं नेमकं उदाहरण मला पीएच्.डी.च्या तोंडी परीक्षेतही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, अगदी बरोबर. शरीर पिशवीवरचं छापील चित्र बघतं आणि लक्षात ठेवतं. उद्या खरी भरलेली पिशवी आली, की लगेच पकडतं.

गृहस्थ सावकाश मागे वळले आणि हॉलला उद्देशून म्हणाले, "ऐकलं ना सगळ्यांनी? मॅडम सोता कबूल करून राह्यल्या. रिकामी पिशवी हाय."

टेंभुर्णीत रिकाम्या पिशवीइतका मोठा गुन्हा नाही. पुढच्या दोन दिवसांत लस डुप्लिकेट असल्याची खबर तालुकाभर गेली. मी घरोघरी जाऊन समजावत होते, की रिकामी आहे म्हणूनच ती सुरक्षित आहे, पण माझ्या प्रत्येक वाक्यात 'रिकामी' होतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक आई मुलीला घेऊन सिस्टरांकडे आली. इकडेतिकडे बघितलं, सिस्टरांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची आमची वळख हाय. बाकीच्यांचं काई बी करा. मह्या पोरीला तेवढी भरलेली द्या."

*

त्या अनुभवानंतर ठरवलं, की नुसतं बोलायचं नाही, वस्तू दाखवायची. माझ्याकडे विषाणूच्या कवचाचं एक मॉडेल होतं. थ्री-डी प्रिंटरवर केलेलं, नारळाएवढं, पांढरं. पाच पाकळ्यांची बाहत्तर फुलं एकमेकांना चिकटवून चेंडू केला तर दिसेल तसं. विमानात मी ते मांडीवर धरून आणलं होतं.

ते अंबादासच्या जीपमध्ये पुढे डॅशबोर्डवर ठेवायचं ठरलं, म्हणजे खराब रस्त्यावर आपटायचं नाही. पहिल्याच फेरीत एका घरी मी चहा पीत होते तेवढ्यात त्या घरातल्या काकू जीपपाशी गेल्या. नवीन मोटार, नवीन बैल, नवीन काहीही दारात आलं, की हळदकुंकू लावायचं, ही तिथली रीत. त्यांनी मॉडेलला हळदकुंकू लावलं. पुढच्या घरी फूल वाहिलं गेलं. आठवड्याभरात मॉडेलसमोर उदबत्तीचं घर आलं, आणि जीपमध्ये चढणारा प्रत्येक माणूस बसायच्या आधी त्याला हात लावून तो कपाळाला लावायला लागला.

मी अंबादासवर चिडले. म्हटलं, अरे, हा रोगाचा विषाणू आहे. माणसं मारतो. त्याला कसलं हळदकुंकू?

अंबादासने गियर बदलला. "मंग काय झालं मॅडम? मरीआईला न्हाई का लावत?"

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कुंकू मॉडेलवरच्या फुलांच्या सगळ्यात वर आलेल्या टोकांनाच लागलं होतं, आणि अँटीबॉडी बसतात त्या नेमक्या तिथेच. कवचाचा तो भाग बाहेर डोकावतो, हाताला लागतो, म्हणून त्यावरूनच ओळख पटते. परदेशात मी तीच टोकं लाल रंगवून दाखवायला एक महागडं सॉफ्टवेअर वापरायचे. त्यानंतर मी मॉडेल पुसलं नाही.

*

हा छोटासा. माझ्या पीएच्.डी.च्या गाइडबाई स्कॉटलंडहून व्हिडिओ कॉलवर होत्या. आमच्या लॅबचं काम कसं चाललंय ते त्यांना दाखवायचं होतं. मी नेमकी अँटीबॉडी कवचाला किती घट्ट चिकटते या आलेखावर आले, आणि खालच्या गल्लीत लग्नाची वरात शिरली. बँड असा, की फ्रीजरवरच्या बाटल्या नाचायला लागल्या.

सलीमभाई म्हणाले, "बिलकुल फिकर नका करू, पाच मिनिटं बंद करायला लावतो," आणि खाली पळाले.

बँड थांबला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग बँड बरोबर आमच्या खिडकीखाली येऊन, तोंडं वर करून, नव्या दमाने सुरू झाला. झालं असं, की सलीमभाईंनी नवऱ्याच्या मामांना सांगितलं, वर मॅडमचं फार महत्त्वाचं काम चाललंय, पोरींच्या आजाराचं. मामा भारावले. त्यांनी एक अख्खं गाणं खास मॅडमसाठी वाजवायला सांगितलं.

गाणं संपल्यावर गाइडबाईंनी हळूच विचारलं, तुमच्याकडे आलेख चांगला आला की दर वेळी असं करतात का?

मी म्हटलं, हो.

*

खंडेनवमीचा किस्सा सांगायलाच हवा. त्या दिवशी अवजारांची पूजा. शेतात नांगराची होते, गॅरेजमध्ये पान्यांची होते, मग आमच्या मशीनने काय घोडं मारलंय, असा सिस्टरांचा सवाल. सलीमभाईंनी आदल्या दिवशीच झेंडूची फुलं आणून ठेवली होती. मी गावातून परत येईपर्यंत सगळ्या यंत्रांची यथासांग पूजा उरकलेली होती.

आता आमची तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढची मजा कळेल. प्लास्टिकच्या एका तळव्याएवढ्या ताटलीत चिमुकल्या वाट्या असतात. वाटीच्या तळाला विषाणूच्या कवचाचं प्रथिन चिकटवायचं. वर मुलीच्या रक्तातलं पाणी टाकायचं. त्यात कवच ओळखणाऱ्या अँटीबॉडी असतील, तर त्या तळाला धरून बसतात. नसतील, तर धुतल्यावर निघून जातात. शेवटी एक औषध टाकलं, की जिथे अँटीबॉडी बसल्यात तिथे पिवळा रंग येतो. मशीन तो पिवळेपणा मोजतं. जितकं पिवळं, तितकी ओळख पक्की.

पिवळं. आणि पूजेला काय वापरतात, तुम्हाला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी धावड्याच्या पहिल्या रक्ताचे आकडे आले. म्हणजे लस देण्याच्या आधीच्या रक्ताचे. ते शून्याच्या आसपास यायला हवेत. आले ते आभाळाला भिडलेले! लस न घेतलेल्या मुली, आणि रक्तात अँटीबॉडींचा पूर! धावड्याच्या पाण्यात काही आहे का? मातीत? मेंढरांच्या दुधात? मी तासाभरात गाइडबाईंना भलीमोठी मेल लिहून काढली. पहिलंच वाक्य होतं, 'मला वाटतं, आपल्या हाती काहीतरी विलक्षण लागलं आहे.'

पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात सलीमभाई मागून वाकून आकडे बघत म्हणाले, "मॅडम, ही शेवटची ओळ पाह्यली का? तिच्यात तर मी रक्त टाकलंच न्हाई. नुसतं पाणी हाय."

पाण्यातही अँटीबॉडी होत्या. तुडुंब.

मी, सलीमभाई आणि दारात उभा अंबादास, असे आम्ही तिघं हळूहळू वळून सिस्टरांकडे बघायला लागलो, कारण लस देणारं आमच्याकडे एकच माणूस आहे.

सिस्टर ताठ उभ्या राहिल्या. "माझ्याकडं काय पाहून राह्यले? पाण्याला मी न्हाई दिली."

मशीनचं झाकण उघडलं. आत, जिथून उजेड पडतो त्या काचेवर, हळदीचं सुबक बोट उमटलेलं होतं. बाजूला एक झेंडूची पाकळीही होती. काच पुसली, तपासणी पुन्हा केली, मुलींचे आकडे निमूट शून्यावर आले. पाण्याचाही आला.

त्या मशीनची पूजा आता झाकण लावून होते. हळद लागते ती प्लगला.

*

आणि आता धावड्याची शाळा. इथूनच माझी खरी पंचाईत सुरू झाली.

दुसरं रक्त घ्यायची वेळ जवळ आली होती. मुलींना आधी सगळं नीट समजावं, म्हणून मी एक नाटुकलं बसवलं. अंबादास विषाणू, मुली अँटीबॉडी. विषाणूचं कवच म्हणून त्याला अंगभर घोंगडी पांघरली. घोंगडी ठकूबाईंची, त्यांच्या नवऱ्याच्या हातची, रूपालीने हट्ट करून मागून आणलेली. कवचावरची टोकं म्हणून मी घोंगडीला कापडाच्या पुरचुंड्या शिवल्या आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले.

नियम सोपा ठेवला. अँटीबॉडी विषाणूला कुठेही धरत नाही, फक्त टोकांना धरते. म्हणून मुलींनी फक्त पुरचुंड्याच धरायच्या.

माझा हिशेब असा होता, की मुली एकेक करून येतील आणि मी मध्ये मध्ये समजावीन. मुलींना पुरचुंडीत काय आहे ते वासाने कळलं होतं. मी 'सुरू' म्हणताच सगळी आठवी आणि नववी एकदम अंबादासवर पडली. सगळ्यात पुढे रूपाली. घोंगडीच्या आतून अंबादासचा आवाज आला, "मॅडम, ह्यांना वळख लईच पटून राह्यली!"

मी हर्षभराने ओरडत होते, की बघा, असं चारी बाजूंनी घेरलं की विषाणूला पेशीत शिरताच येत नाही! विषाणू तेव्हा वर्गाच्या दाराकडे सरपटत होता. शेवटी तो घोंगडीखालून सुटला, मैदान ओलांडलं, जीपमध्ये शिरला आणि काचा वर केल्या. मुलींना पत्ताच नव्हता. त्या रिकामी घोंगडी घट्ट धरून लाडू खात होत्या.

याहून सुंदर दृश्य मी विज्ञानात पाहिलेलं नाही. आत कोणी नाही आणि तरी कवचावरची पकड सुटत नाही! मी मुख्याध्यापकांना हात धरून दाखवायला लागले, की सर, हीच लस, हेच मला टेंभुर्णीत सांगायचं होतं.

सर म्हणाले, "ते बराबर हाय मॅडम, पण विषाणू जीपमधून उतरायला तयार न्हाई. त्याला तेवढं तुम्ही समजावा."

घोंगडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली होती. मी ती घडी घालून ठकूबाईंना द्यायला गेले. त्यांनी उलगडून बघितली. पुन्हा घडी घातली. रागावल्या नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, की दुसऱ्या रक्ताचं नंतर बघू. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरी दुसऱ्या रक्ताचं नंतर बघायचं ठरलं होतं.

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी लॅबमधली आणखी एक गोष्ट सांगायला हवी.

तपासणीत नुसतं पाणी ठेवून भागत नाही. एक रक्तही असं लागतं, ज्यात कवच ओळखणारं काहीच नाही. म्हणजे त्या माणसाने लस घेतलेली नाही आणि विषाणूशी त्याची कधी गाठही पडलेली नाही. आम्ही त्याला कोरं रक्त म्हणतो. बाकीची सगळी रक्तं त्याच्याशी ताडून बघायची.

लॅब सुरू झाली त्या आठवड्यात मी सगळ्यांची बैठक घेतली आणि हा विषाणू कसा पसरतो ते अगदी मोकळेपणाने सांगितलं. स्त्री-पुरुष संबंधांतून पसरतो, लाजायचं काही कारण नाही, हा शरीराचा विषय आहे, असं सगळं. आणि त्याच दमात विचारलं, "तर आता कोरं रक्त कोण देतंय? तपासून लगेच सांगते, कोणाचं कोरं आहे आणि कोणाचं नाही."

सलीमभाईंना एकदम आठवलं, की रक्त घुसळायचं सेंट्रिफ्यूज बंद करायचं राहिलंय. ते बंदच होतं. अंबादास टायरमधली हवा बघायला गेला आणि दुपारी आला. सिस्टर तेवढ्या जागेवर राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आधी रक्त मागायचं असतं. माहिती मंग द्यायची."

म्हणून कोरं रक्त माझं. स्कॉटलंडमध्येही माझंच वापरायचे, कारण ते कोरं असल्याचं तिथे तपासून झालं होतं. त्यासाठी मी लस घ्यायची टाळत आले होते. मनातून मला त्याचा अभिमानही होता. एवढी वर्षं विज्ञानासाठी कोरी राहिले म्हणून.

आता धावडा.

घोंगडी फाटल्यावर दोन आठवडे गेले. रक्त घ्यायची मुदत संपत आली होती. मी भोकरदनच्या बाजारातून नवी घोंगडी घेतली आणि आम्ही चौघं ठकूबाईंच्या अंगणात जाऊन बसलो. गल्लीतल्या बायका, त्यांच्या मुली, सगळ्या हळूहळू येऊन भिंतीला टेकल्या. ठकूबाईंनी नवी घोंगडी बोटांत चोळली, 'मशीनची हाय' म्हणाल्या, आणि ती अंथरून तिच्यावर बसल्या. सिस्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे गाडी रुळावर आहे.

मी जीव तोडून बोलले. पहिलं रक्त कशासाठी, दुसरं कशासाठी, दुसरं नाही मिळालं तर काय वाया जाईल. एका बाईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ठकूबाई तंबाखू मळत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्या रगतात किती निघालं मंग ते?"

मी म्हटलं, "माझ्या रक्तात काहीच नाही आजी."

"काहून? तू टोचून न्हाई घेतली?"

आता खरं सांगायचं तर इथे थांबता आलं असतं. सिस्टर डोळ्यांनी सांगत होत्या, की थांबा. सलीमभाई खोकत होते. पण मला वाटलं, हिला विज्ञान समजेल. मी मोठ्या उत्साहाने कोऱ्या रक्ताचं सगळं समजावलं. ताडून बघायला एक रक्त कसं रिकामं लागतं, मी ते कसं मुद्दाम रिकामं ठेवलं, इतकी वर्षं कशी निष्ठेने लस घेतली नाही.

एका मुलीने आईचा पदर धरला. सिस्टर वर कडुनिंबाकडे बघायला लागल्या.

ठकूबाईंनी तंबाखू तोंडात टाकली नाही. तशीच हातात धरून म्हणाल्या, "पोरी, आम्ही मेंढरं घेऊन पार लांब जायचो. नवं पाणी लागलं की मेंढरं मागं धरायची. आधी मह्या मालकानं वंजळभर प्यायचं, घटकाभर बसायचं, मंग कळप सोडायचा. जितराबाला थोडंच सांगता येतंय पोटात दुखून राह्यलं म्हून."

"हो आजी."

"तू काठावर उभी राहून मेंढरं मोजून राह्यली."

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. आम्ही चहा प्यायलो. रक्ताचा विषय कोणी काढला नाही, आम्हीही नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सलीमभाई मला धीर देत होते आणि मध्ये मध्ये घाबरतही होते. मॅडम, मनाला लावून घेऊ नका, पण कोरं रक्त मध्येच बदलता येत नाही, सगळे आकडे त्याच्याशी ताडलेत, आणि बदलायचंच म्हटलं तर दुसरं आणणार कुठून? अंबादासने आरशात बघून लगेच सांगितलं, की त्याच्याकडे कोणी बघू नये. जालन्यात उतरताना सिस्टरांनी फक्त एवढंच विचारलं, की उद्या धावड्याला जायचंय का?

मी म्हटलं, सकाळी सांगते.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये जाऊन बसले. सिस्टर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पैसे ठेवले आणि म्हटलं, मेडिकलमधून माझ्या नावाचा एक डोस घ्या आणि बर्फाच्या डब्यात ठेवा, टोचायचा तो धावड्यात, ठकूबाईंच्या अंगणात. मग खुर्चीत बसले, बाही वर केली आणि सलीमभाईंना हाक मारली.

"निघायच्या आधी माझं कोरं रक्त काढून घ्या. फ्रीजरमध्ये मावेल तेवढं."